वायरीच्या दुसऱ्या टोकाला

दूरचित्रवाणीलाही एक संत आहे, हे ऐकून अनेकांना गंमत वाटेल. इटलीतील असिसी गावच्या संत क्लारा १२५३ साली वारल्या, म्हणजे दूरचित्रवाणीचा शोध लागण्याच्या जवळजवळ सातशे वर्षे आधी. मग त्यांचा आणि पडद्याचा संबंध काय? त्यांच्याविषयी अशी कथा सांगतात की, अखेरच्या आजारपणात एका नाताळच्या रात्री त्यांना अंथरुणावरून उठवेना. मठातल्या इतर बहिणी उपासनेला निघून गेल्या. क्लारा एकट्याच खोलीत पडून राहिल्या. पण चर्चमध्ये चाललेली उपासना त्यांना खोलीतच दिसली, तिथली गाणी ऐकू आली. या कथेची आठवण ठेवून पोप पायस बारावे यांनी १९५८ साली त्यांना दूरचित्रवाणीच्या आश्रयदात्या संत म्हणून जाहीर केले.

याच पोपनी त्याच्या दोन वर्षे आधी, १९५६ मध्ये, मद्रासच्या सान्तोम चर्चला 'बॅसिलिका' हा मान दिला होता. येशूच्या बारा शिष्यांपैकी थॉमस यांची कबर इथे आहे, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेल्या चर्चच्या जागी इंग्रजांच्या काळात, १८९० नंतरच्या दशकात, उंच मनोऱ्याची ही गॉथिक धाटणीची पांढरीशुभ्र वास्तू उभी राहिली. मद्रासचे १९९६ साली चेन्नई झाले. समुद्राजवळची ही वास्तू मात्र तशीच उभी आहे.

चेन्नईत चर्चची परंपरा मोठी आहे. एग्मोरचे सेंट अँड्र्यूज कर्क १८२१ चे. बेझंट नगरचे अन्नै वेलांकण्णी चर्च त्या मानाने अलीकडचे, पण २९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या यात्रेच्या दिवसांत तिथे लोटणारी गर्दी पाहिली, तर मराठी माणसाला आपल्या पंढरपूरची आठवण व्हावी. भगवे कपडे घालून पायी निघालेले भाविकही त्यात दिसतात. अशा या शहरातल्या अनेक चर्चमध्ये आता रविवारी सकाळी वेदीवर फुले आणि मेणबत्त्या लागतात, त्याच सुमारास मागच्या बाजूला तिपाईवर कॅमेरे चढतात, भिंतीच्या कडेने वायरी पसरल्या जातात आणि कोपऱ्यातल्या टेबलावर छोटे छोटे दिवे असलेली एक पेटी सुरू होते. तिला स्विचर म्हणतात. तीन-चार कॅमेऱ्यांची चित्रे त्यात येतात, त्यांपैकी कोणते बाहेर पाठवायचे ते एका बटणावर ठरते आणि तेच चित्र इंटरनेटवरून घराघरांत जाते.

हे काम करणारी बहुतेक चर्चमधलीच मुले-माणसे असतात. कुणी कॉलेजात शिकणारा, कुणी लग्नाचे शूटिंग करणारा, कुणी निवृत्त झालेला वीज खात्यातला माणूस. पगार नाही, नाव नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा असतो. कॅमेरा आहे, स्विचर आहे, मग दोन्ही जोडायचे कसे? पण हा प्रश्न नुसत्या वायरीचा नाही. त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे, हे ज्याला कळले त्यालाच त्याचे नीट उत्तर सापडते.

रिकाम्या बाकांचा ईस्टर

थेट प्रक्षेपण चर्चला नवे नाही. २ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातल्या एका चर्चची प्रार्थना केडीकेए या रेडिओ केंद्राने प्रथमच ध्वनिक्षेपित केली. पुढे दूरचित्रवाणी आली. पण तेव्हा थेट प्रक्षेपण म्हणजे मोठी गाडी, मोठी यंत्रे आणि डझनभर तंत्रज्ञ असा सारा लवाजमा. मद्रास दूरदर्शन केंद्र १९७५ च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झाले, तरी एखाद्या वस्तीतल्या साध्या चर्चने असे काही करण्याचे मनातही आणले नसते.

मार्च २०२० मध्ये सारेच बदलले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, १० एप्रिलला गुड फ्रायडे आणि १२ एप्रिलला ईस्टर. ख्रिस्ती लोकांचा वर्षातला सर्वांत पवित्र आठवडा आणि चर्चची दारे बंद. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस व्हॅटिकनच्या रिकाम्या, पावसाने भिजलेल्या चौकात एकटे उभे राहून प्रार्थना करताना साऱ्या जगाने पाहिले, तेही पडद्यावरच. आपल्याकडे त्याच वर्षी आषाढीला पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकऱ्यांनी १ जुलैची एकादशी घरात बसून पाहिली. दुःख सगळ्यांचे सारखेच होते.

तेव्हा चर्चच्या मदतीला आला तो मोबाइल फोन. पुस्तकांच्या थप्पीला टेकवून ठेवलेला. त्यावर धर्मगुरू छोटेसे दिसत, आवाज विहिरीतून आल्यासारखा येई, मध्येच कुणाचा तरी फोन वाजून प्रक्षेपण तुटे. तरीही लोक बघत राहिले. चेन्नईतील प्रार्थनास्थळे १ सप्टेंबर २०२० पासून हळूहळू उघडली. दारे उघडली, म्हणजे आता हा खटाटोप थांबणार असे वाटले होते. पण तसे झाले नाही. कारण टाळेबंदीत एक गोष्ट उघडकीला आली होती. चर्चला येऊ न शकणारी माणसे आधीही होतीच. गुडघे धरलेली आजी, डायलिसिसवर असलेले काका, रविवारीही ड्यूटीवर असलेली नर्स, दुबईला गेलेला मुलगा. त्यांच्यासाठी याआधी कुणी काही केलेच नव्हते. आता एकदा दिलेले ते दार पुन्हा कसे लावायचे?

म्हणून फोन गेला आणि कॅमेरे आले.

रिची स्ट्रीटची फेरी

चेन्नईत यंत्रांच्या खरेदीला निघालेला माणूस माउंट रोडजवळच्या रिची स्ट्रीटला पोहोचतोच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारखाच हा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार. अरुंद गल्ल्या, एकाला लागून एक दुकाने. वायर मीटरवर मिळते, जोड नगावर मिळतात आणि सल्ला फुकट मिळतो.

आणखी एक गोष्ट याच सुमारास घडली होती. पूर्वी स्विचर घ्यायचा म्हणजे मोठा खर्च. २०१९ च्या सप्टेंबरात ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने चार कॅमेरे जोडता येतील असा 'एटीईएम मिनी' हा छोटा स्विचर अवघ्या २९५ डॉलरना बाजारात आणला. पुढच्या काही महिन्यांतच जगभर टाळेबंदी आली आणि असे छोटे स्विचर शाळा, मंगल कार्यालये, मंदिरे, चर्च अशा सगळीकडे जाऊन पोहोचले. पेटी स्वस्त झाली. पण पेटीपर्यंत चित्र आणायचे कसे, ही अडचण तशीच राहिली. कारण स्वस्त स्विचरला लागतात एचडीएमआय वायरी आणि चर्च असते लांबलचक.

एचडीएमआय म्हणजे घरच्या टीव्हीला सेट-टॉप बॉक्स जोडायला वापरतात तीच चपट्या तोंडाची वायर. ती दोन-तीन मीटरसाठी उत्तम. साधी तांब्याची वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे नेली की चित्र थरथरू लागते, मध्येच काळे पडते. शिवाय तिच्या तोंडाला कडी नसते. कुणाचा पाय लागला, साडीचा काठ अडकला की ती निसटते. आता वेदीपासून मागच्या दारापर्यंतचे अंतर तीस-चाळीस मीटर असते. वायर काही माणसांच्या डोक्यावरून सरळ जात नाही, भिंतीच्या कडेने वळसा घेऊन जाते. म्हणजे अंतर आणखी वाढले.

म्हणून व्यावसायिक कॅमेऱ्यांना वेगळी सोय असते. तिचे नाव एसडीआय. केबल टीव्हीच्या वायरीसारखी गोल वायर आणि तिच्या टोकाला पिळून अडकवायचा बीएनसी नावाचा जोड. एकदा पिळला की ओढला तरी निघत नाही. चांगल्या प्रतीच्या वायरीतून हे चित्र शंभर मीटरपर्यंत सहज जाते. दूरदर्शनच्या स्टुडिओंपासून क्रिकेटच्या मैदानांपर्यंत हीच पद्धत वापरतात.

इथे एक फसगत मात्र नेहमी होते. सीसीटीव्ही कॅमेऱ्यालाही असाच गोल बीएनसी जोड असतो. चर्चमध्ये सीसीटीव्हीची वायर आधीच भिंतीतून गेलेली असते. कुणाला तरी वाटते, हीच वापरली तर? जोड अगदी फिट बसतो. पण जोड बसला म्हणून वायर चालतेच असे नाही. एसडीआयला ७५ ओहमची, नीट आवरण असलेली वायर लागते. पातळ, हलक्या वायरीतून चित्र सकाळी दिसते आणि गर्दीच्या वेळी दगा देते.

मग कॅमेऱ्याला एसडीआय आणि स्विचरला एचडीएमआय असे असेल तर काय करायचे? मध्ये एक छोटी डबी बसवायची. तिला कन्व्हर्टर म्हणतात. कॅमेरा साधा असेल, तर दोन डब्या लागतात. एक कॅमेऱ्याजवळ, जी एचडीएमआयचे एसडीआय करते, आणि दुसरी स्विचरजवळ, जी ते पुन्हा उलटे करते. मधले सारे अंतर गोल वायर कापते. हिशेब सोपा आहे. पण प्रत्येक डबीला वीज लागते, प्रत्येक डबीचा प्लग कुणीतरी पंखा लावायला काढू शकतो. जितके जोड, तितक्या बिघाडाच्या जागा. म्हणून जाणती माणसे तीन साधे कॅमेरे आणि सहा डब्या घेण्यापेक्षा एसडीआय असलेले दोनच कॅमेरे घेतात आणि स्विचरही एसडीआयचाच घेतात.

चेन्नईत आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे समुद्र. खाऱ्या, दमट हवेने पितळी जोडांवर थर चढतो. सहा महिने कपाटात पडलेली वायर ऐन नाताळच्या रात्री रुसते. वायरी सैल गुंडाळून, कोरड्या जागी ठेवणे आणि सणाच्या आदल्या दिवशी एकेक तपासणे, हे काम कंटाळवाणे खरे. पण स्वयंपाकघरात आदल्या रात्री डाळ-तांदूळ निवडून ठेवणाऱ्या गृहिणीला त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

तीन कॅमेरे, तीन रंग

वायरी जुळल्या, चित्र आले, की सगळे टाळ्या वाजवतात. मग लक्षात येते की पहिल्या कॅमेऱ्यात धर्मगुरूंचा झगा पांढरा, दुसऱ्यात पिवळसर आणि तिसऱ्यात निळसर दिसतो आहे. बटण दाबले की जणू माणूसच बदलतो. याचे कारण असे की, प्रत्येक कॅमेरा आपापल्या परीने पांढरा रंग ओळखत असतो. खिडकीतून येणारे ऊन वेगळे, वेदीवरचे दिवे वेगळे. उपाय अगदी घरगुती आहे. वेदीपाशी एक पांढरा कागद धरायचा आणि तिन्ही कॅमेऱ्यांना हाच पांढरा म्हणून शिकवायचे.

दुसरी गोष्ट विजेची. भारतातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, अमेरिकेतली ६० ची. कॅमेरा तिकडच्या मापावर ठेवलेला असेल, तर ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रावरून काळे पट्टे सरकत राहतात. म्हणून आपल्याकडे कॅमेरा सेकंदाला २५ किंवा ५० चित्रांवर ठेवायचा आणि शटर एक पन्नासांश सेकंदावर. आणि तिन्ही कॅमेऱ्यांवर एकच माप. नवे छोटे स्विचर वेगवेगळी मापे आपल्या आपण जुळवून घेतात, जुने घेत नाहीत. त्यांवर चित्रच येत नाही आणि बिचाऱ्या वायरीला दोष दिला जातो.

तिसरी गोष्ट तर हसवणारी. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बॅटरीचे चिन्ह, चौकोन, आकडे असे काय काय दिसत असते. सेटिंग बदलले नाही, तर हे सारे वायरीतून जसेच्या तसे बाहेर जाते. मग प्रवचन चालू असताना धर्मगुरूंच्या कपाळावर 'बॅटरी संपत आली' असा लाल इशारा लुकलुकतो. घरी बसलेल्या मुलांना त्या दिवशीचे प्रवचन दुसऱ्या कुठल्याही कारणाने आठवत नाही.

आधी आवाज

एवढे सगळे जमल्यावरही टेबलावरचा फोन वाजतो. पलीकडून एखादी पाट्टी, म्हणजे आजी, तमिळमध्ये सांगते, "तंबी, सत्तम वरलै!" बाळा, आवाज येत नाही.

चित्राच्या मागे लागलेल्या मंडळींना इथे पहिला धडा मिळतो. ज्या आजीची नजर मोतीबिंदूने अंधूक झाली आहे, तिला चित्र स्वच्छ आहे की नाही याचे फारसे काही नाही. तिला शब्द हवे असतात. चित्र गेले आणि आवाज राहिला, तर ती डोळे मिटून प्रार्थना करते. आवाज गेला आणि चित्र राहिले, तर ती टीव्ही बंद करते. म्हणून खर्चाची यादी करताना आवाज सर्वांत वर हवा.

कॅमेऱ्यावरचा माइक या कामाचा नाही. उंच छताच्या, दगडी भिंतींच्या वास्तूत आवाज घुमतो. सेंट अँड्र्यूज कर्कसारख्या घुमटाखालच्या गोल सभागृहात तर तो चहूबाजूंनी फिरतो. दूरच्या माइकला शब्दापेक्षा त्याचा घुमाराच जास्त ऐकू येतो. त्यामुळे चर्चच्या ध्वनिक्षेपकाचे जे मिक्सर असते, तिथूनच एक वेगळी वायर स्विचरला आणायची. पण नुसती तीच आणली, तर उलटाच प्रकार होतो. धर्मगुरूंचा आवाज खणखणीत येतो आणि पाचशे माणसे गात असूनही घरी एकट्याच माणसाचे गाणे ऐकू येते. घरच्या माणसाला वाटते, चर्च रिकामेच आहे. म्हणून एक माइक खास लोकांच्या आवाजासाठी, उंचावर लावावा लागतो. खोकले, बाळाचे रडणे, बाक सरकल्याचा आवाज थोडा थोडा येऊ द्यावा. आपण सगळ्यांत बसलो आहोत, असे वाटायला तेच उपयोगी पडते.

आणखी एक बारकावा. कॅमेऱ्याचे चित्र डब्यांतून, स्विचरमधून फिरून येताना दोन-तीन फ्रेम मागे पडते. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. आवाज मात्र थेट येतो. परिणामी ओठ हलण्याआधीच शब्द ऐकू येतो. निसर्गात असे कधी होत नाही. आधी वीज चमकते, मग गडगडाट. म्हणून आवाज आधी आलेला माणसाच्या मनाला खटकतो, कारण कळत नसले तरी. स्विचरमध्ये आवाज तेवढाच उशिरा सोडण्याची सोय असते. कुणीतरी वेदीपाशी उभे राहून टाळी वाजवायची आणि टाळी व आवाज एकत्र येईपर्यंत जुळवत राहायचे. पाच मिनिटांचे काम, पण वर्षभर पुरते.

आवाजात 'हूंऽऽ' अशी घरघर येत असेल, तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो. मिक्सर एका भिंतीच्या प्लगवर आणि स्विचर दुसऱ्या टोकाच्या प्लगवर असला की असे होते. दोन्ही शक्यतो एकाच जागेवरून जोडायचे आणि मधे यूपीएस ठेवायचा. प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा जो सल्ला काही जण देतात, तो मात्र जिवावर बेतणारा आहे. माइकला हात लावणाऱ्या माणसाला धक्का बसण्यापेक्षा घरघर परवडली.

राहता राहिले इंटरनेट. चांगल्या चित्रासाठी बाहेर जाणारा वेग सेकंदाला चार ते सहा मेगाबिट तरी लागतो आणि प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट असावा. गर्दीच्या दिवशी चर्चमधल्या शेकडो लोकांचे फोन तिथल्या मोबाइल टॉवरवर भार टाकतात, म्हणून तारेने आलेले इंटरनेट बरे. तेही तुटले, तर निदान कॅमेऱ्यातल्या कार्डावर सारे टिपले जावे. संध्याकाळी का होईना, आजीला पाहता येते.

काय दाखवू नये

इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक २ जून १९५३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमध्ये झाला. बीबीसीचे कॅमेरे आत होते, लाखो लोक घरी पाहत होते. पण राणीला पवित्र तेल लावण्याचा क्षण आला, तेव्हा तो कॅमेऱ्यांना दाखवू दिला गेला नाही. तो क्षण पवित्र मानला होता. २०२३ मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकातही तो क्षण पडद्याआडच राहिला.

स्विचरपाशी बसलेल्या माणसाला हे भान फार लागते. त्याच्या बोटाखाली चार बटणे असतात आणि प्रत्येक बटणात कुणाचे तरी खासगी आयुष्य असते. अंत्यविधीत आई मुलाच्या पेटीवर कोसळते. कॅमेरा तिच्याकडे वळतो, कारण कॅमेऱ्याला असे प्रसंग आवडतात. सिनेमाच्या या शहरात, जिथे कोडंबाक्कम-वडपळणीत घडलेले डोळे लग्नाच्या शूटिंगलाही क्रेन आणतात, तिथे तर हा मोह जास्तच. अशा वेळी दूरचे चित्र दाखवायचे, मेणबत्ती दाखवायची, पण त्या आईला सोडून द्यायचे. ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यांचे चेहरे जवळून दाखवू नयेत. कोण आले, कोण नाही, कोणी घेतला, कोणी नाही, हा गावाच्या चर्चेचा विषय होऊ नये. लहान मुलांचे चेहरे पालकांना न विचारता जगासमोर मांडू नयेत. दारावर एक पाटी असावी की आज चित्रण चालू आहे, आणि ज्याला दिसायचे नाही त्याच्यासाठी कॅमेऱ्याच्या मागे काही बाक राखलेले असावेत.

कॅथलिक चर्चने याचा विचार फार आधी केला होता. व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सांगितले की, रेडिओ-दूरचित्रवाणीवरून उपासना प्रक्षेपित करायची, तर ती विवेकाने, प्रतिष्ठा राखून आणि योग्य माणसाच्या देखरेखीखाली व्हावी. तेव्हा घराघरांत कॅमेरा नव्हता. आज आहे, म्हणून तो सल्ला तेव्हापेक्षा आज जास्त लागू पडतो.

आणखी एका गोष्टीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तीन कॅमेऱ्यांवर तिघे, स्विचरवर एक, आवाजावर एक. या पाच जणांची प्रार्थना रविवारमागून रविवार बुडत असते. सगळे डोळे मिटतात, तेव्हा यांना डोळे उघडे ठेवावे लागतात. दुसऱ्यांना घरबसल्या चर्च मिळावे म्हणून ही मुले चर्चमध्ये असूनही चर्चला मुकतात. हल्ली दूरवरून फिरवता येणारे कॅमेरे मिळतात, एकाच नेटवर्क वायरीतून वीज आणि चित्र दोन्ही जाते, एक माणूस तीन कॅमेरे सांभाळू शकतो. ते परवडत नसेल, तर निदान पाळ्या लावाव्यात. महिन्यातून दोन रविवार प्रत्येकाने बाकावर बसायलाच हवे.

पडद्यापलीकडे

आता मोठा प्रश्न. घरबसल्या सगळे मिळू लागले, तर माणसे चर्चला येतील कशाला? ही भीती फक्त ख्रिस्ती लोकांची नाही. शिर्डीचे, सिद्धिविनायकाचे थेट दर्शन मोबाइलवर मिळते, तेव्हा आपल्याकडेही घरोघर हाच वाद होतो. सोफ्यावर चहा पीत घेतलेले दर्शन हे दर्शन का? २०२० मध्येच व्हॅटिकनच्या संबंधित विभागाने स्पष्ट केले की, आजारी आणि येऊ न शकणाऱ्यांसाठी प्रक्षेपणाने मोठी सेवा केली आहे, पण प्रत्यक्ष सहभागाची जागा ते घेऊ शकत नाही.

चेन्नईत तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. ज्या थॉमसच्या नावाने इथले चर्च आणि इथला डोंगर ओळखला जातो, तो शिष्य दुसऱ्याने सांगितलेल्यावर समाधान मानणारा नव्हता. जखमेला हात लावल्याशिवाय त्याला पटणार नव्हते. हात लावणे पडद्यावरून होत नाही. शांतीच्या शुभेच्छा देताना शेजारच्याचा हात हातात घेता येत नाही. चर्चच्या आवारात नंतर होणाऱ्या गप्पा, 'औषध वेळेवर घेता ना?' ही चौकशी, कुणाच्या मुलाच्या नोकरीची बातमी, यातले काहीच वायरीतून जात नाही.

पण ज्याला येताच येत नाही, त्याचे काय? समजा, वसईच्या एका घरातली मुलगी नोकरीनिमित्त चेन्नईला गेली, तिथेच तिचे लग्न ठरले. वसईची आजी वयाची नव्वदी ओलांडलेली. प्रवास शक्य नाही. लग्नाच्या दिवशी सारे घर टीव्हीपुढे बसते. मिस्सा तमिळमध्ये, आजीला त्यातला एक शब्द कळत नाही. पण विधी तेच, क्रम तोच. नात 'हो' म्हणते तो क्षण तिला बरोबर कळतो. त्या क्षणी आवाज नीट आला, तर आजी लग्नाला हजर होती. आवाज तुटला, तर नव्हती. चेन्नईच्या चर्चमध्ये वायर पिळून बसवणाऱ्या मुलाला ही आजी कधी भेटणार नाही. तिच्यासाठीच मात्र त्याने तो जोड पुन्हा एकदा ओढून पाहायचा असतो.

म्हणून चर्चच्या समितीने कॅमेऱ्यांची यादी करण्याआधी माणसांची यादी करावी. आपल्या वस्तीतले कोण घराबाहेर पडू शकत नाही? त्यांच्या घरी मोठा टीव्ही आहे की लहान फोन? तो लावून द्यायला घरात कुणी आहे का? त्यांना कमी ऐकू येते का? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, की कोणता स्विचर घ्यायचा हे निम्मे ठरते. बऱ्याचदा असे दिसेल की चौथ्या कॅमेऱ्यापेक्षा एखाद्या आजोबांसाठी छोटा स्पीकर घेणे जास्त गरजेचे आहे.

पडद्याच्या कोपऱ्यात पाहणाऱ्यांचा आकडा दिसतो. एखाद्या साध्या रविवारी तो बारा असतो. तरुण मुले हिरमुसतात. इतके पैसे, इतक्या वायरी आणि बारा माणसे! पण त्या बारांची नावे शोधून काढली, तर कळते की त्यातले एक वृद्धाश्रम आहे, जिथे एका पडद्यापुढे पंधरा जणी बसतात. एक आयसीयूबाहेरच्या बाकावरचा फोन आहे. एक रात्रपाळी करून आलेली नर्स आहे.

पुष्कळ कॅथलिक चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेण्याची पद्धत आहे. त्या फेरीला कॅमेऱ्याजवळच्या मुलांपैकी एकाला सोबत न्यावे. प्रार्थना झाल्यावर त्याने आजीचा टीव्ही लावून पाहावा, आवाज किती ठेवतात ते विचारावे, रिमोटवरचे कोणते बटण दाबायचे ते मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. थोडा वेळ बसावे, दिलेला चहा प्यावा. पुढच्या रविवारी स्विचरचे बटण दाबताना त्याला आकडा दिसणार नाही, ती आजी दिसेल.